होमी भाभा आणि आपली राहून गेलेली चिप

मागच्या उन्हाळ्यात माझा मोबाइल चार्ज होईनासा झाला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि सांगितलं की चार्जिंगची आयसी गेलीय, दुसरी टाकावी लागेल. ही आयसी बनते कुठे, असं मी विचारलं तर तो हसला. चीनचा माल आहे, दिल्लीहून येतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. नखाच्या टोकावर मावेल असा तो काळा तुकडा. तो नव्हता म्हणून माझा सगळा फोन दगड झाला होता.

बुऱ्हाणपुरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट फार ओळखीची वाटते. आमच्या घरी चार पावरलूम आहेत. सूत बाहेरून येतं, कापड बाहेर जातं, आपल्या हाती उरते ती विणण्याची मजुरी. बाबांचं नेहमीचं सांगणं असतं की ज्याच्या हातात सूत, त्याच्या हातात भाव. त्या दिवशी दुकानाबाहेर उभा असताना मला वाटलं, या चिपच्या बाबतीत आपला सगळा देशच बुऱ्हाणपूरसारखा आहे. माल दुसऱ्याचा, विणकाम आपलं.

मग घरी येऊन वाचायला बसलो. आयसी म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, आपण जिला चिप म्हणतो तीच. तिचा जन्म अमेरिकेत १९५८-५९ साली झाला. मला प्रश्न पडला की त्या वर्षांत आपल्याकडे कुणाला याची कल्पना तरी होती का? शोधता शोधता जे नाव समोर आलं ते पाहून मी चकित झालो. शाळेच्या पुस्तकात या माणसाचा फोटो अणुशक्तीच्या धड्यात असतो. डॉ. होमी जहांगीर भाभा. अणूचे भाभा सगळ्यांना माहीत आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचे भाभा मला तरी माहीत नव्हते. आपल्या मंडळाच्या या अंकासाठी चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांनाच निवडलं.

होमीचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत, सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर. आजोबा हुरमसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते, त्यांचंच नाव नातवाला मिळालं. आत्या मेहरबाई सर दोराबजी टाटांच्या पत्नी, त्यामुळे देशातला पोलाद आणि विजेचा मोठा उद्योग होमीने लहानपणी घरातल्या गप्पांमधून ऐकला. घरात पुस्तकं भरपूर, पाश्चात्य संगीताच्या रेकॉर्ड भरपूर, चित्रकलेची शिकवणीही होती. शाळा कॅथीड्रल अँड जॉन कॉनन, पुढे एलफिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स.

१९२७ साली त्याला केंब्रिजला पाठवलं ते मेकॅनिकल इंजिनिअर करायला. शिकून परत यायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागायचं, असा घरच्यांचा सरळ हिशोब होता. आपल्याकडे आजही पोरांचे हिशोब असेच होतात, फक्त जमशेदपूरच्या जागी पुणे-बंगळूर आलं. पण तिथे होमीच्या कानावर नवं भौतिकशास्त्र पडलं. क्वांटम सिद्धान्त नुकता उभा राहत होता आणि तो उभा करणारे पॉल डिरॅक त्याच केंब्रिजमध्ये शिकवत होते. होमीने वडिलांना कळवून टाकलं की मला कारखाना नको, भौतिकशास्त्र हवं.

इथे वडिलांनी जे केलं ते मला आवडलं. ओरडले नाहीत, पैसे बंद केले नाहीत आणि लगेच होही म्हणाले नाहीत. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी राहू देतो, असा सौदा केला. १९३० मध्ये होमी मेकॅनिकलमध्ये पहिल्या वर्गात पास झाला, १९३२ मध्ये गणितातही. पुढे डॉक्टरेट मिळाली. मनाविरुद्ध केलेलं ते इंजिनिअरिंग वाया गेलं नाही. कागदावरचं समीकरण आणि जमिनीवरचं यंत्र या दोन्हींची भाषा येणारे वैज्ञानिक थोडे असतात. भाभा त्यातले झाले.

त्यांच्या सैद्धान्तिक कामाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण माझा विषय वेगळा आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं, त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ साली हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा खुलासा केला. अवकाशातून आलेला एक जोरदार कण हवेत शिरला की त्यापासून दोन, दोनापासून चार असे कण कसे वाढत जातात, हे त्यात होतं. तिशी गाठायच्या आत युरोपच्या भौतिकशास्त्रात त्यांचं नाव झालं होतं.

१९३९ साली ते सुट्टीला म्हणून भारतात आले आणि दुसरं महायुद्ध पेटलं. परतीचा रस्ता बंद झाला. सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बोलावून घेतलं. तिथे भाभांनी विश्वकिरणांवर प्रयोग सुरू केले आणि १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. केंब्रिजमध्ये कागद-पेन्सिल पुरत होती. इथे प्रयोगासाठी गायगर काउंटर हवे, त्यांचे झटके मोजणारी सर्किट हवी, त्या सर्किटसाठी व्हॉल्व्ह हवेत. युद्धाच्या दिवसांत बाहेरून माल येणं मुश्किल. त्यामुळे उपकरणं आपल्या हातांनी जोडायची सवय त्यांच्या गटाला लागली. माझ्या मते भाभांच्या इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात इथली आहे. त्यांना वस्तू हवी होती, ती मिळत नव्हती, म्हणून ती करावी लागली.

युद्ध संपल्यावर ते परत गेले असते तर कुणी दोष दिला नसता. पण १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा ट्रस्टच्या सर सोराब सकलातवालांना एक पत्र लिहिलं. मुद्दा असा होता की मूलभूत संशोधनाची एक उत्तम संस्था आत्ताच काढली, तर पुढे जेव्हा अणुशक्तीपासून वीज करायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणावे लागणार नाहीत, ते इथेच तयार असतील. लक्षात घ्या, हिरोशिमा अजून दीड वर्ष लांब होतं आणि देश पारतंत्र्यात होता. १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळूर, मग त्याच वर्षी मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात, १९४९ पासून गेट वे जवळच्या जुन्या यॉट क्लबात आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी, स्वतःच्या इमारतीत.

आता संगणकाकडे येतो. १९५४-५५ साली भारतात संगणक नव्हता. कोलकात्यात प्राध्यापक महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने इंग्लंडहून एक यंत्र मागवायचं ठरवलं आणि ते १९५५ मध्ये आलंही. देशातला पहिला संगणक तो. मुंबईत भाभांनी दुसरी वाट धरली. आपण तो बनवायचा. १९५४ मध्ये आर. नरसिंहन हे गणितात डॉक्टरेट घेऊन अमेरिकेहून परतले होते, त्यांच्याकडे हे काम आलं. संस्थेच्या उपकरण विभागात डी. वाय. फडके यांच्यासारखे जाणकार होते. गटातली बाकीची मंडळी तरुण, आणि नरसिंहन सोडले तर कुणी संगणक वापरलेला नव्हता. ज्याने कधी लूम चालवला नाही त्याला लूम बनवायला सांगण्यासारखंच हे.

आधी एक लहान नमुना यंत्र केलं, ते १९५६ मध्ये चालू झालं. त्यावर हात बसल्यावर मोठं यंत्र हाती घेतलं आणि फेब्रुवारी १९६० मध्ये ते कामाला लागलं. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असं नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लाल तापायचे तसले काचेचे दिवे. एवढे दिवे एका खोलीत लावले की उष्णता किती होत असेल आणि रोज कुठला ना कुठला जात असेल, हे पावरलूमच्या शेडमध्ये वाढलेल्याला समजावून सांगायला नको.

त्याच्या मेमरीचं वर्णन वाचताना मात्र मी थांबलोच. ती मेमरी विणलेली असते! फेराइटच्या, म्हणजे चुंबकी मातीच्या, ज्वारीच्या दाण्याहून लहान अंगठ्या असतात. त्यांच्यातून उभ्या आणि आडव्या तारा ओवलेल्या असतात, अगदी ताणा आणि बाणा. एका उभ्या तारेतून थोडी वीज सोडली आणि एका आडव्या तारेतून थोडी, तर जिथे दोन्ही भेटतात त्या एकाच अंगठीचं चुंबकत्व पालटतं. एका बाजूला असलं तर एक, दुसऱ्या बाजूला असलं तर शून्य. टिफ्रॅकच्या मेमरीत २,०४८ शब्द मावायचे आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, आजच्या भाषेत १० किलोबाइट. व्हॉट्सॲपवर येणारा सकाळचा शुभेच्छांचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण त्या १० किलोबाइटवर देशभरातल्या संशोधकांनी आपली गणितं सोडवून घेतली.

आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते पाहू. व्हॉल्व्हला पर्याय म्हणून अमेरिकेत बेल लॅबमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर निघाला होता. लहान, थंड, टिकाऊ. पण हजारो ट्रान्झिस्टर एकेक करून तारेने जोडायचे म्हणजे हजारो सांधे, आणि जितके सांधे तितके बिघाड. १९५८ च्या उन्हाळ्यात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जॅक किल्बी नावाचा नवा इंजिनिअर होता. बाकीचे सुट्टीवर गेले, याची सुट्टी अजून साठली नव्हती, म्हणून तो एकटा प्रयोगशाळेत. त्याला सुचलं की ट्रान्झिस्टर, रेझिस्टर सगळं एकाच तुकड्यात केलं तर? त्याने ते जर्मेनियमच्या तुकड्यावर करून दाखवलं, पण वरून बारीक तारा हातानेच जोडलेल्या होत्या. काही महिन्यांनी, १९५९ च्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड कंपनीत रॉबर्ट नॉइस यांनी तो शेवटचा अडथळा काढला. हे नॉइस आयोवा राज्यातल्या एका पाद्र्यांचे चिरंजीव, छोट्या गावातल्या कॉलेजात शिकलेले. त्यांचे सहकारी जाँ होर्नी यांनी सिलिकॉनच्या तुकड्यावर ऑक्साइडचा पातळ थर तसाच राहू द्यायची पद्धत काढली होती. नॉइस यांनी त्या थरावरून धातूच्या रेषा काढून आतले भाग जोडायचं ठरवलं. वेगळी तार नाही, सांधा नाही, सगळं छापल्यासारखं. आजची चिप या घराण्यातली आहे.

तारखा जवळ ठेवून पाहिल्या की मन खट्टू होतं. नॉइस आपल्या वहीत ही कल्पना लिहीत होते त्या सुमाराला कुलाब्यात व्हॉल्व्हच्या यंत्राची जुळणी चालली होती. पण यात टिफ्रॅकवाल्यांची चूक काढणं अन्यायाचं होईल. आराखडा झाला तेव्हा व्हॉल्व्ह आणि फेराइट मेमरी हीच जगातली चालू पद्धत होती, आयबीएमची मोठी यंत्रंही तशीच होती. फक्त आराखडा ते यंत्र या काही वर्षांच्या प्रवासात जगाने पाऊल उचललं. तिकडे यंत्र जुनं झालं की कंपनी पुढचं काढते, कारण मागे सुटे भाग करणारे कारखाने असतात. इकडे यंत्र हुशार माणसांनी बांधलं, पण मागे कारखाना नव्हता.

भाभांचं बरंचसं लक्ष या वर्षांत अणुशक्तीवर होतं हे खरं. १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग झाला, त्याचे ते अध्यक्ष. तुर्भ्याला नवं केंद्र उभं राहिलं आणि ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनकडून आलं होतं, पण भट्टीचं नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या गटाने इथेच केली. हाच गट वाढत गेला. अणुभट्टीसाठी मोजमापाची उपकरणं करता करता तुर्भ्यात इलेक्ट्रॉनिक्सची एक शाळाच तयार झाली. भाभांची काम करायची पद्धत अशी दिसते की आधी माणूस बघायचा, मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा.

मग १९६२ चं चीन युद्ध आलं. सीमेवर आपले जवान कशाकशाविना लढले हे आपण वाचलेलं आहे. वायरलेस, रडार, संदेशवहन यांत आपण किती मागे आहोत हे दिल्लीला तेव्हा उमगलं. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष भाभा, सदस्य विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव. पुढच्या दहा वर्षांत देशाला काय काय लागेल आणि ते कसं बनवायचं, याचा हिशोब मांडायचं काम त्यांच्याकडे होतं.

मला या समितीच्या अहवालातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की त्यात नुसते रेडिओ किती आणि संगणक किती असं नव्हतं. खाली उतरून सुट्या भागांचा आणि ते भाग ज्यापासून होतात त्या कच्च्या मालाचा विचार होता. यंत्र आपण जोडलं पण त्यातले भाग बाहेरचे असले, तर ते आपलं म्हणता येत नाही. संशोधन, उत्पादन आणि कच्चा माल या तिन्ही गोष्टी एकत्र चालल्या पाहिजेत, असा त्याचा रोख होता. लहान आणि मध्यम संगणक देशातच व्हावेत हेही त्यात होतं. बाबांच्या भाषेत सांगायचं तर भाभा कापडाकडून सुताकडे आले होते.

तरीही हे गृहस्थ हट्टी स्वदेशीवाले नव्हते. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरचा मोठा संगणक आणला, तो भाभांच्याच कारकिर्दीत. टिफ्रॅकला निरोप द्यायची वेळ झाली होती. जिथे काम अडतं तिथे विकत घ्या, पण घेताना ते समजणारी आणि पुढे बनवू शकणारी माणसं तयार ठेवा. टिफ्रॅक बांधताना जी मंडळी तयार झाली, तीच पुढे या क्षेत्रात शिकवायला आणि चालवायला उपयोगी पडली. यंत्र भंगारात गेलं, माणसं उरली.

साहित्य मंडळाच्या अंकात त्यांच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहिलं नाही तर चालणार नाही. भाभांनी लग्न केलं नाही. मलबार हिलवरच्या घरात ते आईजवळ राहत. स्वतः उत्तम रेखाटनं करत, पाश्चात्य संगीत मनापासून ऐकत. कुलाब्याची इमारत उभी राहताना त्यांनी भिंतींसाठी नव्या चित्रकारांची चित्रं घ्यायला लावली. तिथे हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. रस्त्यात किंवा बांधकामात झाड आलं तर तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचा त्यांचा आग्रह असे. काहींना हे श्रीमंताचे चोचले वाटले असतील. मला वाटतं की चांगलं काम करणाऱ्या माणसाला चांगली जागा मिळावी, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

त्यांच्यावरची टीकाही सांगितली पाहिजे. मेघनाद साहांसारख्या मोठ्या वैज्ञानिकांना भाभांचा मार्ग पटत नव्हता. आधी विद्यापीठं आणि उद्योग मजबूत करा, मग आयोग काढा, असं साहांचं म्हणणं होतं. भाभांनी पैसा आणि गुणी माणसं मोजक्या संस्थांमध्ये गोळा केली. त्या संस्था खरोखर उत्तम झाल्या, पण विद्यापीठं आणि लहान गावांतली कॉलेजं मागे राहिली. मी आपल्यासारख्या कॉलेजात शिकतो, त्यामुळे या टीकेत मला तथ्य वाटतं. किल्बी आणि नॉइस यांच्यामागे फक्त एक हुशार साहेब नव्हता. गावोगावची कॉलेजं, शेकडो कंपन्या आणि माल घेणारं लष्कर अशी सगळी साखळी होती. आपल्याकडे साखळीच्या जागी बरीचशी एका माणसाची ताकद होती.

आणि तो माणूस अचानक गेला. ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये लाल बहादूर शास्त्री वारले. देश त्यातून सावरत होता. २४ जानेवारीला, ज्या दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोइंग विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीला निघाले होते. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभांचं वय ५६. जिनिव्हाला उतरण्याआधी विमान नेमकं कुठे आहे याबद्दल वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात गैरसमज झाला, असं चौकशीत निघालं. यूट्यूबवर या अपघाताच्या बऱ्याच रहस्यकथा फिरतात. त्यांच्या नादी लागून आपण त्यांच्या कामाकडे बघायचंच विसरतो. २०१२ मध्ये त्या भागातल्या हिमनदीतून भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी वर आली. ४६ वर्षं ती बर्फात होती.

समितीचा अहवाल भाभांच्या मृत्यूनंतर, १९६६ मध्येच सरकारकडे गेला. पुढे काय झालं? १९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल निघाली. तिचा पाया ए. एस. राव यांच्या तुर्भ्याच्या गटाचा होता आणि तिने लवकरच संगणक बनवून विकायला सुरुवात केली. पण अहवाल राबवायचा कुठल्या खात्याने, यातच काही वर्षं गेली. १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं खातं झालं, १९७१ मध्ये आयोग झाला. तोवर तिकडे नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली होती आणि १९७१ मध्ये २,३०० ट्रान्झिस्टरचा एक पूर्ण प्रोसेसर एका चिपवर बाजारात आणला होता. आपला सरकारी चिप कारखाना मोहालीला झाला, उत्पादन ऐंशीच्या दशकात सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथे मोठी आग लागली. पुन्हा उभं राहायला वर्षं गेली. ज्या धंद्यात दर दोन वर्षांनी पिढी बदलते तिथे वर्षं जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. आता त्याच मोहालीत इस्रोसाठी विक्रम नावाचा प्रोसेसर तयार झालाय, हे नाव भाभांच्या समितीतल्या साराभाईंचं. गुजरातमध्ये धोलेऱ्याला मोठ्या कारखान्याची पायाभरणी २०२४ मध्ये झाली.

भाभा जगले असते तर आपली चिप कधीच झाली असती, असं लिहून लेख संपवायचा मोह मला झाला होता. पण तसं मला वाटत नाही. अहवाल लिहिणं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं. पुढचं काम एका माणसाचं नव्हतंच. एक माणूस विमानातून पडल्यावर जर वाट थांबत असेल, तर वाटेवर चालणारे आधीच फार कमी होते, असाच त्याचा अर्थ होतो. भाभांनी १९४४ मध्ये ज्या माणसांची वाट पाहिली होती, ती तयार करायची जागा कुलाबा जशी आहे तशीच आपलं कॉलेजही आहे. आपल्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप आहे. तो कपाटात न राहता टेबलावर आला पाहिजे, एवढं तरी आपण मागू शकतो.

हा लेख लिहून झाल्यावर मी बाबांना वाचून दाखवला. टिफ्रॅकच्या विणलेल्या मेमरीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग शेडमध्ये जाऊन चालू लूम बंद केला आणि ताण्याचे धागे बोटाने बाजूला करून मला दाखवू लागले की अंगठ्या कुठे बसल्या असतील. बराच वेळ आम्ही दोघं तिथेच उभे होतो.